बॅकफ्लो धूपदाणी : निवड, वापर आणि काळजी

‘तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले’ ही म्हण आपल्या घरांत अजून ऐकू येते. पण निखाऱ्यावर ऊद घालायचे ते धुपाटणे आता थोड्याच घरांत उरले आहे. चुलीबरोबर निखारे गेले आणि त्यांची जागा उदबत्तीने व धूप कोनाने घेतली. अलीकडे दिवाळीला, वास्तुशांतीला भेट म्हणून मिळणारी बॅकफ्लो धूपदाणी हा त्यातलाच नवा प्रकार. धबधबा, डोंगर, गणपती, शिवपिंडी अशा आकारांच्या या धूपदाणीत धूर पाण्यासारखा खाली वाहतो. ती कशी निवडावी, कशी वापरावी आणि नंदेसरी परिसरात राहणाऱ्यांनी कोणती जास्तीची काळजी घ्यावी, हे येथे दिले आहे.

धूर खाली का वाहतो?

सगळी करामत कोनात असते. साधा धूप कोन भरीव असतो. बॅकफ्लो कोनाच्या बुडापासून आत एक बारीक पोकळ नळी असते. टोक पेटल्यावर काही धूर या नळीत उतरतो, तेथे थंड होतो आणि त्यातील सूक्ष्म कणांमुळे आजूबाजूच्या हवेपेक्षा जड होऊन खालच्या भोकातून बाहेर पडतो. म्हणून या धूपदाणीत साधा कोन ठेवला तर धूर नेहमीप्रमाणे वरच जातो. धूपदाणी बिघडली असे समजू नये. कोन बदलून पाहावा.

घेताना काय पाहावे?

१. साहित्य : चिनी माती किंवा भाजलेल्या मातीची धूपदाणी सर्वांत सोयीची. ती तापली तरी बिघडत नाही आणि गरम पाण्याने धुता येते. रेझिनच्या धूपदाण्या दिसायला सुबक, पण कोन टेकतो ती जागा काळी पडते. रेझिनचीच आवडली, तर कोनाच्या जागी धातूची चकती आहे ना, हे पाहावे. लाकडी टाळावी.

२. भोक : कोन ठेवण्याची जागा सपाट हवी आणि तेथील भोक कोनाच्या भोकाखाली नेमके यायला हवे.

३. धुराची वाट : उघडी पन्हळ असेल तर ब्रशने साफ होते. आतल्या आत वळणे घेणारी वाट तेलकट काजळीने लवकर तुंबते.

४. बूड : राख आणि निखारा खाली पडला तर अडेल इतकी रुंद बशी असावी. वजनाला हलकी धूपदाणी मुलांच्या धक्क्याने कलंडते.

५. कोन : पहिल्यांदा लहान पाकीट घ्यावे. वास फार उग्र असेल तर मोठे पाकीट घरात पडून राहते. पावसाळ्यात कोन दमट होऊन विझतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

लावण्याची पद्धत

धूपदाणी स्टीलच्या ताटात किंवा फरशीच्या तुकड्यावर ठेवावी. पडदे, प्लॅस्टिकचे टेबलक्लॉथ, कागदी सजावट दूर असावी. लाकडी देव्हाऱ्याच्या आत ठेवू नये. धूर खाली उतरत असल्याने खणावर, मूर्तींवर आणि तसबिरींवर चिकट पिवळसर थर बसतो.

कोनाचे टोक पेटवून ज्योत काही सेकंद राहू द्यावी, मग विझवावी. टोक लाल धुमसत असले की भोकावर भोक आणून कोन ठेवावा. धूर खाली यायला दोन-तीन मिनिटे लागतात. पंखा किंवा वारा असेल तर धार तुटते. लहान कोन साधारण १० ते २० मिनिटे चालतो. तो पूर्ण विझेपर्यंत खोलीत कोणीतरी मोठे माणूस असावे. विझल्यावरही धूपदाणी काही वेळ गरम असते.

धूर दिसतो तितका निरुपद्रवी नाही

या धूपदाणीची एक अडचण नीट समजून घ्यावी. धुराची धार सुंदर दिसण्यासाठी हवा स्थिर लागते, म्हणजे पंखा बंद आणि खिडक्या लोटलेल्या. पण नेमक्या अशाच खोलीत धूर कोंडून राहतो. धबधबा जितका छान दिसेल, तितका धूर घरात साठत असतो.

कोणत्याही धुपाच्या धुरात पीएम २.५ हे अतिसूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. भारतीय मानक ६० आहे. बंद खोलीत जळणारा धूप ही पातळी सहज ओलांडू शकतो. शिवाय हा धूर आधी जमिनीलगत पसरतो, म्हणजे रांगणाऱ्या मुलाच्या नाकाशी. घरात दमेकरी, तान्हे बाळ, गरोदर स्त्री किंवा पिंजऱ्यातले पक्षी असतील तर ही धूपदाणी न लावणेच चांगले. बाळ-बाळंतिणीच्या धुरीसाठीही ती वापरू नये.

इतरांनी एका वेळी एकच कोन लावावा, एक खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि कोन संपताच सर्व खिडक्या उघडून पंखा लावावा. आरतीच्या वेळी घर माणसांनी भरलेले असते. तेव्हा उदबत्ती, कापूर आणि कोन हे सगळे एकदम नको.

नंदेसरी परिसरात जास्तीची काळजी

नंदेसरी ही जीआयडीसीची रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. जून २०२२ मध्ये येथील एका कारखान्यात मोठी आग लागली, तेव्हा आसपासच्या लोकांना सुरक्षित जागी हलवावे लागले होते. अशा ठिकाणी वास ही धोक्याची पहिली सूचना असते. म्हणून पुढील तीन गोष्टी घरातल्या सर्वांना सांगून ठेवाव्यात.

पहिली : बाहेरून विचित्र वास येतो म्हणून तो झाकायला धूप लावू नये. वास झाकला जातो, वायू तसाच राहतो.

दुसरी : बाहेरच्या वासामुळे दारे-खिडक्या बंद केल्या असतील, तर त्या वेळी घरात कोणताच धूर करू नये. बाहेर धूर किंवा वायू पसरल्याची शंका आली तर अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे आणि प्रशासनाच्या सूचना पाळाव्यात.

तिसरी : स्वयंपाकघरात ही धूपदाणी नको. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. सुगंधात तो लक्षात येत नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असून जमिनीलगत साठतो आणि धुमसता कोनही बहुधा खालीच ठेवलेला असतो. गळतीचा वास आला तर काडी पेटवू नये, विजेचे बटण दाबू नये. रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात, घराबाहेर पडावे आणि मग १९०६ या क्रमांकावर कळवावे.

साफसफाई

पाच-सहा कोन झाले की धुराच्या वाटेत तपकिरी, चिकट थर जमतो. मातीची धूपदाणी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवावी आणि जुन्या टूथब्रशने घासावी. भोकातून तारेला कापूस गुंडाळून फिरवावा. रेझिनची धूपदाणी कोमट पाणी व साबणाने पुसावी. दिव्यांची माळ असलेली पाण्यात बुडवू नये. साफसफाईला स्पिरिट वापरले तर ते पूर्ण उडून गेल्याशिवाय कोन पेटवू नये. राख थंड झाल्याची खात्री करूनच कचऱ्यात टाकावी.

रोजच्या पूजेला एक उदबत्ती पुरते. बॅकफ्लो धूपदाणी सणावाराला, पाहुणे आले असता थोडा वेळ लावावी आणि मग घर मोकळ्या हवेला उघडावे.