तारेचं कुलूप

तर झालं असं की, गेल्या महिन्यात ताईने भाच्याच्या दप्तरात ठेवायला एक छोटा जीपीएस ट्रॅकर घेतला. काडेपेटीएवढा डबा, आत सिमकार्डाची खाच, सोबत मोडक्यातोडक्या इंग्रजीतला घडीचा कागद. घरातला "कॉम्प्युटरवाला" मीच, त्यामुळे "जरा चालू करून दे रे" म्हणून तो माझ्याकडे आला. कागदावर आज्ञांची यादी होती. एक ठरलेला शब्द, त्याला चिकटून पासवर्ड, आणि ते सगळं एसएमएसने ट्रॅकरच्या नंबरवर पाठवायचं. पासवर्ड कारखान्यातूनच आलेला: १२३४५६.

मी पहिला एसएमएस पाठवला. दहा सेकंदांत डब्याने "ओके" असं उत्तर दिलं. ताई खूश. मी मात्र यादीतल्या सातव्या ओळीपाशी अडकलो. त्या आज्ञेने यंत्राचा माईक चालू होतो, आणि मग फोन लावणाऱ्याला आजूबाजूचं बोलणं ऐकू येतं. त्यालाही किल्ली तीच, १२३४५६.

"असं कसं कोणी बनवतं?" ताईने विचारलं.

याचं उत्तर एका वाक्यात देता येईना, म्हणून हा लेख. गोष्ट सुरू होते ती बोटींपासून.

जीपीएसच्या आधी समुद्रावर लोरान-सी नावाची रेडिओ यंत्रणा होती. किनाऱ्यावरच्या केंद्रांचे संकेत पकडून बोट कुठे आहे ते काढायचं. ती जागा ऑटोपायलटला कळवायची तर दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलायला हवं, आणि कंपन्या वेगळ्या तर भाषाही वेगळ्या. अमेरिकेत बोटींवरची इलेक्ट्रॉनिक उपकरणं विकणाऱ्यांची एक संघटना १९५७ पासून होती, नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन, म्हणजे एनएमईए. तिने १९८० मध्ये लोरान आणि ऑटोपायलट यांच्यासाठी ०१८० हे पहिलं मानक काढलं. पाठोपाठ १९८३ मध्ये आलं ०१८३. जीपीएस हाताळणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा पाठ असतो.

ही भाषा अगदी साधी आहे. सिरीयल तारेवरून सेकंदाला ४८०० बिट. प्रत्येक निरोप म्हणजे एक ओळ, आणि तिला नावही "वाक्य" असंच आहे. वाक्याची सुरुवात डॉलरच्या चिन्हाने. मग दोन अक्षरं कोण बोलतंय ते सांगणारी: एलसी म्हणजे लोरान-सी, जीपी म्हणजे जीपीएस. मग तीन अक्षरं काय सांगायचंय त्याची. पुढे स्वल्पविरामांनी तोडलेले आकडे. सगळं मिळून जास्तीत जास्त ८२ अक्षरं. टर्मिनल उघडून ठेवलं की माणसालाही ते वाचता येतं.

आता यातली मेख बघा. मानकात एका तारेवर बोलणारा एकच आणि ऐकणारे अनेक. अगदी आकाशवाणीच्या बातम्यांसारखं! श्रोत्याने निवेदकाला "जरा हळू वाचा हो" म्हणायची सोय नाही. एखादं वाक्य मागवण्यापुरती प्रश्नाची तरतूद होती, पण यंत्राच्या सेटिंग बदलायला मानकात जवळजवळ काही नव्हतं. लोरानच्या डब्यावर बटणं होतीच की.

त्याच १९८३ सालच्या १ सप्टेंबरला कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केलं की जीपीएस पूर्ण झाल्यावर ते नागरी वापरालाही खुलं असेल. तरी नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असायची, त्यामुळे शंभरेक मीटरचा घोळ व्हायचा. ती भेसळ २ मे २००० रोजी बंद झाली. मग छोट्या रिसीव्हरांना खरा बाजार मिळाला.

आता डबे इतके छोटे झाले की त्यांना ना पडदा, ना बटणं. मग त्यांना सांगायचं कसं? मानकात एक खिडकी ठेवलेली होती. डॉलरनंतर "पी" अक्षर आलं तर पुढचं वाक्य त्या त्या कंपनीचं खासगी. पीनंतर कंपनीची तीन अक्षरं, पुढे कंपनीची मर्जी. गार्मिनची वाक्यं पीजीआरएमने सुरू व्हायची, सर्फ कंपनीची पीएसआरएफने, तैवानच्या मीडियाटेकची पीएमटीकेने. बोलणाऱ्या यंत्राला ऐकायला शिकवलं ते या खिडकीने. पीएसआरएफ१०० म्हणजे सिरीयल पोर्टचा वेग आणि भाषा बदल. पीएमटीके२२० म्हणजे किती मिलिसेकंदांनी जागा सांगायची. पीएमटीके१८२ म्हणजे लॉगरमध्ये साठवलेल्या नोंदींचा कारभार.

ट्रेकला नेण्यासाठी घेतलेला माझा जुना लॉगर असाच होता. एकदा उत्साहाच्या भरात मी त्याला वाक्यांची भाषा सोडून बायनरीत बोलायला सांगितलं. त्याने इमानदारीत ऐकलं, आणि नकाशाच्या प्रोग्रॅमला काही कळेना. बरं, बंद करून चालू केला तरी सेटिंग तसंच, कारण आत बॅकअपची चिमुकली बॅटरी! ती उतरेपर्यंत डबा कपाटात पडून होता. :-)

त्याला आज्ञा द्यायची तर शेवटी तारांकन आणि दोन अंकी चेकसम लागतो. डॉलर आणि तारांकन यांच्यामधल्या सगळ्या अक्षरांचा एकापाठोपाठ एक्सॉर करायचा. मीडियाटेकचं "ऐकू येतंय का?" विचारणारं वाक्य पीएमटीके००० आहे, त्याचा चेकसम येतो ३२. कागद-पेन्सिलीनेही काढता येतो, करून बघा. पण हा चेकसम कशासाठी आहे? इंजिनाच्या धडधडीत, ओल्या तारेवर एखादं अक्षर बिघडलं तर ते पकडायला. वाक्य कोणी पाठवलं, त्याला तो अधिकार आहे का, हे त्याला ठाऊकच नसतं. लबाड माणूसही तोच हिशोब करू शकतो.

माझ्या लॉगरला पासवर्ड नव्हता, आणि मला त्याची कधी उणीवही भासली नाही. कारण त्याला आज्ञा द्यायची तर माझ्या घरात येऊन, माझ्या टेबलावरची केबल लावायला हवी. कुलूप नव्हतं असं नाही. तार हेच कुलूप होतं.

आता गोष्टीचा दुसरा धागा. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या हेज कंपनीने स्मार्टमोडेम आणला. त्याआधी टेलिफोनचा नंबर बहुधा माणसानेच फिरवायचा. हेजने युक्ती केली: ज्या सिरीयल तारेवरून माहिती जाते त्याच तारेवरून मोडेमला आज्ञाही द्यायची. आज्ञेची सुरुवात एटी या दोन अक्षरांनी. एटी म्हणजे अटेन्शन, थोडक्यात "अहो, इकडे बघा!" डायल-अपच्या जमान्यात ज्यांनी मोडेमची किर्रर्र ऐकली आहे त्यांनी हे एटी पाहिलंही असेल. पुढे युरोपात जीएसएमची मानकं ठरली तेव्हा तीच पद्धत मोबाईलच्या चिपसाठी उचलली. एसएमएस पाठवायचा तरी चिपला एटीनेच हाक मारायची. इथेही पासवर्ड नाही. आपला कॉम्प्युटर, आपला मोडेम, मध्ये हातभर तार. कोणापासून लपवायचं?

ट्रॅकर म्हणजे या दोन धाग्यांची गाठ. डब्यात एक जीपीएसची चिप असते, ती बोटींची भाषा बोलते. एक मोबाईलची चिप असते, ती मोडेमची भाषा ऐकते. मध्ये एक छोटा प्रोसेसर दुभाष्या म्हणून बसतो. बाहेरून एसएमएस आला की तो वाचायचा, शब्द ओळखायचा, काम करायचं. म्हणजे टेबलावरच्या केबलची जागा अख्ख्या टेलिफोनच्या जाळ्याने घेतली. आज्ञा मात्र तशाच राहिल्या: उघड्या, वाचता येणाऱ्या, येईल त्याचं ऐकणाऱ्या. कुलूप म्हणून वर सहा आकडे चिकटवले, आणि ते प्रत्येक डब्यावर सारखेच!

याचा परिणाम काय झाला? सप्टेंबर २०१९ मध्ये अवास्ट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी असे सुमारे ६ लाख ट्रॅकर इंटरनेटवर मोजले. त्यांतले बरेच मुलांसाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी घेतलेले. खात्याचं नाव यंत्राच्या आयएमईआय क्रमांकावरून बनवलेलं, म्हणजे ओळीने आकडे टाकत गेलं तरी सापडेल. आणि पासवर्ड? १२३४५६. ज्याला तो कळला त्याला मूल कुठे आहे ते दिसणार, आणि माईकही त्याचाच.

यात बोटीवाल्यांची चूक नाही, हेजचीही नाही. त्यांनी आपापल्या तारेपुरतं बरोबरच केलं होतं. उलट माणसाला वाचता येणारी भाषा निवडली म्हणून तर ती टिकली. सर्फ कंपनी २००९ मध्ये सीएसआरमध्ये विलीन झाली, सीएसआर २०१५ मध्ये क्वालकॉमने घेतली, तरी पीएसआरएफची वाक्यं ऐकणारा जुना रिसीव्हर आजही टर्मिनलवरून जागा करता येतो. चूक झाली ती तार काढताना. तार निरोप नेते हे सगळ्यांना दिसत होतं. ती परक्याला अडवतेही, हे तिच्या जागी दुसरं काही आणेपर्यंत कोणाच्या ध्यानात आलं नाही. आम्हा प्रोग्रॅमरांचा हा जुनाच रोग. जे कोडमध्ये लिहिलेलं नाही, ते आम्हाला आहे असंच वाटत नाही.

असो. ताईच्या ट्रॅकरचा पासवर्ड मी बदलला. तिचा आणि भावजींचा नंबर अधिकृत म्हणून नोंदवला. पण नवा पासवर्डही शेवटी साध्या एसएमएसमधूनच गेला. आणि माईक कायमचा बंद करायची आज्ञा यादीत शोधून शोधून सापडली नाही.

मी हे सगळं ताईला सांगितलं. तिने शांतपणे ट्रॅकर दप्तरातून काढला आणि स्कूटरच्या डिकीत टाकला. म्हणाली, "स्कूटर चोरीला गेली तर कामाला येईल. तोवर ऐकू दे ज्याला ऐकायचेत त्याला हॉर्न."