मालिबूचे 21 मैल: रस्त्याचा वेग ठरवतं कोण?

'आयर्न मॅन' पाहिलाय ना? टोनी स्टार्कचं ते कड्यावरचं घर आठवा. ते कॅलिफोर्नियातल्या ज्या मालिबूत दाखवलंय, तिथल्या रस्त्याची आजची गोष्ट. नाव पॅसिफिक कोस्ट हायवे, सगळे म्हणतात पीसीएच. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला डोंगर. मालिबूतला भाग 21 मैलांचा, म्हणजे साधारण 34 किलोमीटर.

हा रस्ता झाला तोच भांडणातून. मालिबूची जमीन रिंज कुटुंबाची होती. 1905 मध्ये नवरा गेल्यावर मे रिंज यांनी आपल्या जमिनीतून रस्ता जाऊ नये म्हणून वर्षानुवर्षं कोर्टात झुंज दिली. 1923 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात त्या हरल्या. आणि निकाल काय, तर लोकांचा विरंगुळा हाही सार्वजनिक उपयोगच. निसर्ग बघायला रस्ता हवा असेल तर त्यासाठीसुद्धा जमीन घेता येते! 1929 मध्ये रस्ता खुला झाला.

पुढे त्याच रस्त्याच्या कडेला घरं आली, दुकानं आली, हॉटेलं आली. समुद्रावर जाणारे लोक कडेलाच गाडी लावून उतरायला लागले. म्हणजे गावाचा मुख्य रस्ता आणि हायवे, दोन्ही एकच. 1991 मध्ये मालिबू स्वतंत्र शहर झालं, पण रस्ता राहिला राज्य सरकारचा. वेगमर्यादेची पाटी बदलायची, तरी शहराच्या हातात काही नाही.

आता खरी गंमत ऐका. कॅलिफोर्नियात वेगमर्यादा ठरवायची जुनी पद्धत अशी: मोकळ्या रस्त्यावर गाड्यांचा वेग मोजायचा. शंभरातले 85 चालक ज्या वेगाच्या आत असतात, तो वेग धरायचा आणि त्याच्या आसपास मर्यादा लावायची. अशी पाहणी केल्याशिवाय पोलिसांनी रडार लावून पकडलं, तर केस कोर्टात टिकणं अवघड. म्हणजे लोक जितके सुसाट जाणार, तितकी मर्यादा वर सरकणार. जो चालत रस्ता ओलांडतो, त्याचं मत या हिशोबात कुठे आहे? कुठेच नाही. 2021 च्या एका कायद्याने या नियमात थोडी ढील दिली, इतकंच.

2010 मध्ये चित्रपट निर्माते मिशेल शेन यांची 13 वर्षांची मुलगी याच रस्त्याच्या कडेने चालताना गाडीखाली गेली. तेव्हापासून ते हा विषय धरून बसले. '21 माइल्स इन मालिबू' हा माहितीपटही त्यांनी केला. त्यांच्यासोबत इतर रहिवासीही मागण्या करत राहिले: वेग कमी करा, पोलीस वाढवा, कॅमेरे लावा.

ऑक्टोबर 2023 मध्ये राज्याने वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांना सहा शहरांत परवानगी दिली. त्यात मालिबू नव्हतं. त्याच महिन्यात, 17 तारखेच्या रात्री, पेपरडाइन विद्यापीठाच्या चार विद्यार्थिनी रस्त्याच्या कडेला उभ्या असताना गाडीच्या धडकेत गेल्या. मर्यादा होती ताशी 45 मैल, म्हणजे 72 किलोमीटर. गाडी 104 मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 167 किलोमीटर वेगाने होती, असा सरकारी वकिलांचा आरोप आहे.

त्यानंतर रस्त्यालगत पांढरे रंगवलेले 58 टायर मांडले गेले. 2010 पासून इथे गेलेल्या प्रत्येक जिवामागे एक. जाता-येता कुणालाही दिसतील असे. सप्टेंबर 2024 मध्ये अखेर मालिबूसाठी वेगळा कायदा झाला: पाच वेग-कॅमेरे, तेही ठरावीक वर्षांसाठी, प्रयोग म्हणून.

2010 च्या त्या अपघातापासून पाच कॅमेऱ्यांच्या कायद्यापर्यंत 14 वर्षं गेली. आणि कॅमेरा काही मर्यादा कमी करत नाही. आहे ती पाळायला लावतो.

1923 मध्ये कोर्टाने हा रस्ता लोकांच्या आनंदासाठीही आहे, असं मान्य केलं. त्या 'लोकां'मध्ये कडेला उभं राहून समुद्र बघणारेही येतात, एवढंच मालिबूची माणसं सांगत होती. तुमच्या रोजच्या रस्त्यावर वेगाची पाटी आहे का? आज जाताना बघा, आणि तिथून रस्ता ओलांडणाऱ्या कुणाला तरी विचारा, ती बरोबर वाटते का.

भेटूया पुढच्या भागात!