क्रमिक संदेशवहन आणि भूमीचे गृहीतक

मापनांची नोंद ठेवणारे यंत्र, म्हणजे ज्यास आज डेटा लॉगर म्हणतात ते, दुसऱ्या उपकरणास जोडताना अभ्यासकाचे सारे लक्ष संदेश वाहून नेणाऱ्या तारेकडे असते. परतीच्या वाटेची चौकशी सहसा होत नाही. आणि पुष्कळ यंत्रे जळतात ती याच वाटेने.

या दुर्लक्षाची परंपरा जुनी आहे. १८३८ मध्ये स्टाइनहाइल याने न्यूर्नबर्ग–फ्यूर्थ लोहमार्गाचे रूळ तारायंत्राचे वाहक म्हणून वापरून पाहिले. वीज जमिनीत झिरपली व प्रयोग फसला. परंतु त्यातूनच पृथ्वी ही परतीची तार होऊ शकते, हे त्याच्या ध्यानी आले. एका तारेची बचत झाली; त्याबरोबर दोन्ही टोकांची भूमी विद्युद्दृष्ट्या एकच, हे गृहीतकही रूढ झाले. ते किती कच्चे होते, हे २ सप्टेंबर १८५९ च्या चुंबकीय वादळाने दाखविले. त्या दिवशी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय बलाच्या क्षैतिज घटकात, आजच्या मापाने, सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट नोंदली गेली. आणि अमेरिकेत बोस्टन व पोर्टलंड येथील तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून केवळ भूप्रवाहावर संदेश पाठविले!

अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने १९६० मध्ये आरएस-२३२ हे मानक काढले, तेव्हा शेजारी ठेवलेली टर्मिनल व मोडेम ही दोन यंत्रेच डोळ्यांपुढे होती. १९६९ च्या ‘सी’ आवृत्तीनुसार प्रेषकाने निदान ५ व्होल्ट द्यावे व ग्राहकाने ३ व्होल्टपर्यंत संदेश ओळखावा. म्हणजे हाती उरतो २ व्होल्टांचा अवकाश. तारेची लांबी सुमारे १५ मीटर अपेक्षित होती, आणि शेजारच्या यंत्रांस एवढे पुरेसेही होते. पुढे याच तारा एका इमारतीतून दुसरीत नेल्या गेल्या. दोन इमारतींच्या भूसंपर्कांत काही व्होल्टांचा फरक असणे नवलाचे नाही. असा फरक तो अवकाश तर गिळतोच, शिवाय समाईक ग्राउंडच्या बारीक तारेतून नको तो प्रवाह वाहू लागतो. ५ व्होल्टांवर चालणाऱ्या नोंदयंत्राच्या टोकास १२ व्होल्टांची ही तार मध्ये पातळी-परिवर्तक न घालता जोडणे, ही चूक त्याहून ढोबळ. तिचा निकाल बहुधा तत्काळ लागतो.

१९८३ च्या आरएस-४८५ मानकाने निराळी वाट धरली. येथे संदेश एका तारेच्या व्होल्टतेत नसून दोन तारांमधील फरकात असतो. ग्राहकाने उणे ७ ते अधिक १२ व्होल्टांपर्यंतची पातळी सोसावी, असे ठरले. हे आकडे सहज उलगडतात: ० ते ५ व्होल्टांच्या संदेशास दोन्ही बाजूंनी ७ व्होल्टांच्या भूभेदाची मुभा दिली आहे. भूमी भिन्न असते, हे येथे आकड्यांनिशी मान्य झाले. मात्र ‘दोन तारा पुरेत’ असा समज त्यातून पसरला, तो चुकीचा होय. संदर्भाची तिसरी तार नसेल तर ७ व्होल्टांची मर्यादा केव्हा ओलांडली, हे यंत्र जळाल्यावरच कळते. म्हणून जोडणीपूर्वी दोन्ही ग्राउंडांमधील व्होल्टता, प्रत्यावर्ती व एकदिश अशी दोन्ही, मोजावी लागते.

अंतर मोठे असेल तेथे संदेश प्रकाशाच्या द्वारे पलीकडे नेणारा ऑप्टोकपलर घालतात. त्यात दोन्ही बाजूंना विद्युत्संबंधच नसतो, आणि तो काही हजार व्होल्टांचा भेद सोसतो. अट एकच: दोन्ही बाजूंचा वीजपुरवठाही वेगळा हवा, एकाच पुरवठ्याची ऋण तार दोहोंकडे नेली, तर तोडलेली वाट पुन्हा जुळते.