यानाचा हिशेब: तळपद्यांच्या विमानापासून २०० टनांच्या व्यापारी जहाजापर्यंत

मागच्या भागात आपण अंतराळयानांच्या रोलप्लेइंग खेळाची ओळख करून घेतली. त्यावर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: तळपद्यांचं विमान किंवा विमानशास्त्रातलं ‘रुक्म विमान’ आम्ही आमच्या खेळात यान म्हणून घेऊ शकतो का? उत्तर जरा लांबचं आहे, म्हणून आजचा अख्खा भाग त्यालाच दिला आहे.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी कप्तान, कोणी इंजिनिअर, कोणी पळून आलेला डॉक्टर. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू काय करणार ते सांगतात, शंका असेल तिथे फासे पडतात. ना पडदा, ना ग्राफिक्स. यान असतं ते कागदावर आणि पाच जणांच्या डोक्यात. आणि पाच डोक्यांत एकच यान उभं राहायचं तर त्याचा हिशेब लागावा लागतो. त्यात इंधन किती, माणसं किती, माल किती हे ठरलेलं नसेल, तर संकट आलं की कोणीतरी म्हणतं, ‘आमच्या यानात तेही यंत्र आहे.’ मग खेळ तिथेच मरतो.

कागदावरच्या यानाचा हिशेब मराठीला नवा नाही. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी कोचीनमध्ये सुरू केलेल्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९०० साली ‘चंद्रलोकची सफर’ येऊ लागली, ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासाच्या कादंबरीवरून. म्हणजे मराठी वाचकाचं चंद्राकडे निघालेलं पहिलं यान मुंबई-पुण्याच्या नव्हे, केरळशी नातं सांगणाऱ्या मासिकातून निघालं. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्यांना हे ऐकून बरं वाटतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

व्हर्नचं यान म्हणजे तोफेचा गोळा. तोफ ९०० फूट लांब, ओतीव लोखंडाची, वजन सुमारे ६८ हजार टन. आम्ही ही मालिका भिलाईत करतो, त्यामुळे लोखंडाचे आकडे आमच्या कानाला लगेच लागतात. भिलाई पोलाद कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ला सोव्हिएत संघाशी झाला (तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होतं त्याची राजधानी नागपूर होती). पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ला सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला १० लाख टन पोलादाची. ओतीव लोखंड आणि पोलाद यांतला फरक बाजूला ठेवला तर व्हर्नची तोफ म्हणजे त्या कारखान्याचं सुमारे २५ दिवसांचं काम. तोफ करता आली असती! माणसं मात्र वाचली नसती. ९०० फुटांत सेकंदाला ११ किलोमीटरचा वेग गाठायचा तर प्रवाशांना गुरुत्वाच्या सुमारे २२ हजार पट रेटा बसतो. ७० किलोचा माणूस त्या क्षणी दीड हजार टनांचा होतो. व्हर्नने खाली पाण्याची गादी ठेवली होती, पण गादीचं हे काम नाही.

तरीही व्हर्न आपला माणूस आहे. त्याने लांबी दिली, वजन दिलं, वेग दिला. म्हणून तर आज आपण त्याची चूक काढू शकतो.

तोफेवरचा उपाय कालुगा गावातल्या एका शाळामास्तराने १९०३ साली छापला. त्सिओल्कोव्स्की त्याचं नाव. त्याच्या समीकरणाचा अर्थ असा: यान किती वेग कमावेल हे दोनच गोष्टींवर ठरतं. मागे फेकलेला वायू किती वेगाने जातो, आणि भरलेल्या यानाचं वजन रिकाम्या यानाच्या किती पट आहे. मंगळयान आठवा. ५ नोव्हेंबर २०१३ला निघालं तेव्हा वजन १,३३७ किलो. त्यात ८५२ किलो नुसतं इंधन. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या पाच उपकरणांचं वजन सुमारे १५ किलो. गाडीभर डिझेल घेऊन डबाभर लाडू पोचवायला निघाल्यासारखं. तुमच्या खेळातलं यान रॉकेटवर चालत असेल, तर पोटाचा मोठा भाग टाकीच असणार. आलिशान दिवाणखाना वगैरे विसरा.

१९७७ साली अमेरिकेत ‘ट्रॅव्हलर’ हा खेळ आला, मार्क मिलरचा. अंतराळातल्या रोलप्लेइंग खेळांत हा थोरला. त्यात एक थाप मंजूर आहे: एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे ‘उडी’ मारणारं इंजिन. पण ही थाप फुकट मिळत नाही. यानाचं माप टनांत असतं, आणि हा टन वजनाचा नाही, जागेचा आहे. एक टन द्रवरूप हायड्रोजनला जेवढी जागा लागते तेवढी, म्हणजे सुमारे १४ घनमीटर. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे दोन टन. आता २०० टनांचं व्यापारी जहाज घ्या. इंधनाला ३० टन, चालकांच्या दालनाला २०, दहा राहत्या खोल्यांना ४०, गोठवून नेण्याच्या प्रवाशांना १०, इंजिनांना १५. संगणक आणि तोफांची राखीव जागा मिळून ३. उरले ८२ टन. तेवढाच माल.

आणि जहाज कर्जावर घेतलेलं! किमतीचा २४०वा भाग दर महिन्याला, असे ४८० हप्ते. चाळीस वर्षं. क्वार्टर सोडून स्वतःचं घर बांधलेल्या कोणत्याही भिलाईकराला हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्या मते या खेळातली सगळ्यात पटणारी गोष्ट इंजिन नाहीच, हा हप्ता आहे. ८२ टनांत काय भरायचं, कोणाचा संशयास्पद माल घ्यायचा, कुठल्या बंदरात तोंड लपवायचं, हे सगळं त्यातून आपोआप निघतं. सूत्रधाराला राक्षस आणायची गरज पडत नाही.

‘ट्रॅव्हलर’ने एक गोष्ट मात्र जवळजवळ सोडून दिली: उष्णता. लोकांना वाटतं अंतराळ थंड, म्हणजे यान गार राहील. उलट आहे. पोकळी म्हणजे थर्मास. आत निर्माण झालेली उष्णता वाहून न्यायला हवा नाही, पाणी नाही, ती फक्त किरणांनीच बाहेर जाते. समजा यानात एक मेगावॅट टाकाऊ उष्णता आहे. रेडिएटरचे पत्रे खोलीच्या तापमानाला ठेवले तर, दोन्ही बाजू धरून, सुमारे १,१०० चौरस मीटर पत्रा लागेल. तेच पत्रे ७०० अंशांच्या पुढे, लालभडक तापवले तर नऊ-दहा चौरस मीटर पुरतात. रेल मिलमधून लाल रूळ येताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती धग दुरूनही आठवत असेल. म्हणून पटणारं यान गुळगुळीत चांदीच्या गोळीसारखं दिसत नाही, त्याला पंख असतात, आणि ते उडण्यासाठी नसतात. लढाईत कोणी त्यांवर गोळी झाडली तर कप्तानापुढे दोनच वाटा: इंजिन बंद कर किंवा आतल्या आत शिजून नीघ.

आता मूळ प्रश्न. शिवकर बापूजी तळपदे मुंबईचे. १८९५ साली त्यांनी गिरगाव चौपाटीवर मानवरहित विमान उडवलं असं सांगितलं जातं. पण उड्डाणाला टिकेल असा त्या काळचा पुरावा कोणी पुढे ठेवलेला नाही. ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ त्यानंतरचा. पंडित सुब्बराय शास्त्री यांनी तो १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगून लिहवून घेतला, भरद्वाज ऋषींचा म्हणून. १९२३ साली बंगळूरच्या एल्लाप्पा नावाच्या आरेखकाने त्यातल्या विमानांची चित्रं काढली. शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर. इंग्रजी भाषांतरासह ग्रंथ १९७३ साली म्हैसूरच्या जोसियर यांनी छापला.

लगेच पुढच्या वर्षी, १९७४ला, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले पाच जण त्यावर बसले: मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू. या पाचांचं काम मला फार आवडतं, कारण त्यांनी ग्रंथाची टिंगल करून हात झटकले नाहीत. चित्रं समोर ठेवली, भाषा तपासली, शास्त्रींचा इतिहास शोधला, आणि वर्णनाप्रमाणे विमान केलं तर ते उडेल का, हे विमानशास्त्राच्या नियमांनी पाहिलं. थोडक्यात, ग्रंथाला त्यांनी खऱ्या आराखड्याचा मान दिला. निष्कर्ष असा निघाला की संस्कृत आधुनिक आहे, मजकूर १९०४च्या आधीचा असू शकत नाही, एकही विमान उडण्याजोगं नाही, आणि रेटा देण्याची जी व्यवस्था सांगितली आहे ती उड्डाणाला मदत करण्याऐवजी अडवते.

त्याच १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ नावाने एक कथा आली, ‘कृष्णविवर’. नावाची आद्याक्षरं उलटी वाचा. बनारसमध्ये वाढलेले जयंत विष्णू नारळीकर! तिला बक्षीस मिळालं आणि मराठी विज्ञानकथेचा एक नवा काळ सुरू झाला. तिथेही प्रचंड मोठी कल्पना होती. पण काळ मंदावतो तो आइन्स्टाइनच्या हिशेबाने, आणि लेखकाने ती कथा म्हणूनच दिली होती.

जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भारतीय विज्ञान काँग्रेसचं १०२वं अधिवेशन भरलं. तिथे कॅप्टन आनंद बोडस यांनी प्राचीन विमानं एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जात असं मांडलं. आधार तोच, वैमानिक शास्त्र. पाच जणांचा अभ्यास तेव्हा चाळीस वर्षांचा झाला होता. शाळेतली मुलं टीव्हीवर ते पाहत होती, आणि त्यांना कोणी विचारायला शिकवलं नव्हतं की इंधन कोणतं, किती, आणि परतीचं कुठे भरलं? आमच्या टेबलावर बारा वर्षांची मुलगी हे तीन प्रश्न दोन मिनिटांत विचारते. हप्ता तिला भरायचा असतो ना.

तर, रुक्म विमान खेळात घेता येईल का? बेलाशक घ्या. दोन पद्धती आहेत. एक, त्याला तुमची एकमेव मंजूर थाप करा. उडतं कशाने हे विचारायचं नाही, पण जागा, माणसं, माल आणि उष्णता यांचा तक्ता भरलाच पाहिजे.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते. यान बाजूला ठेवा आणि १९२३चं बंगळूर घ्या. एक खेळाडू शास्त्री, एक लिहून घेणारा, एक एल्लाप्पा. शास्त्री सांगत आहेत, एल्लाप्पा रेघा मारतोय. तो शिकलेला आरेखक आहे, त्याला माप लागतं. पहिला फासा एल्लाप्पाच्या खेळाडूने टाकायचा: पेन्सिल थांबवून तो विचारतो का, की याचं वजन किती लिहू?