गावाच्या नावाचे मद्य

मद्याची पारख करताना ते कोणत्या मुलखातले हे आधी विचारण्याची, आणि त्या मुलखाच्याच नावाने ते दुसऱ्याला सुचवण्याची रीत युरोपातून आली असा समज रूढ असला, तरी तिची भारतीय कुळी कौटिलीय अर्थशास्त्राइतकी जुनी आहे. त्या ग्रंथात सुराध्यक्ष, म्हणजे मद्यव्यवहारावर देखरेख ठेवणारा राजाधिकारी, याच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे सहा प्रकार दिले आहेत. मेदकाची ओळख पाणी, तांदूळ आणि किण्व (आंबवण) यांवरून, तर आसवाची कवठ, काकवी आणि मधावरून करून दिली आहे. मधूची गोष्ट मात्र वेगळी आहे. मृद्वीकेचा, म्हणजे द्राक्षाचा, रस तो मधु, एवढे सांगून ग्रंथकार त्याचा स्वदेश हेच त्याचे वर्णन मानतो आणि कापिशायन व हारहूरक ही दोन नावे देऊन थांबतो.

यांतील पहिले नाव कापिशी या नगरावरून आले. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर. पाणिनीने या नगरनावापासून ‘कापिशायन’ शब्द साधण्यासाठी स्वतंत्र सूत्र रचले, यावरून त्या शब्दाचे चलन लक्षात येते. पुढे कोशांमध्ये कापिशायन हा शब्द मद्याचा सामान्य पर्याय होऊन बसला. शॅम्पेन या फ्रेंच प्रांताच्या नावाचे जगभर जे झाले, तेच येथे कितीतरी शतके आधी घडले होते.

दख्खनही या व्यवहाराबाहेर नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारग्रंथानुसार भडोच बंदरात इटली, लाओडिकिया आणि अरबस्तान येथील मद्ये उतरत व त्यांत इटलीच्या मद्याला पसंती असे. पैठण आणि तेर येथून त्याच बंदराकडे माल जाई.

वाशिम जिल्ह्यातील शेलूबाजारच्या आसपासच्या मुलखाशी हा विषय जोडणारा धागा वाकाटकांच्या दानपत्रांत सापडतो. वाशिम, म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, ही या राजवंशाच्या एका शाखेची राजधानी होती. मुख्य शाखेतील दुसऱ्या प्रवरसेनाच्या, अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे मिळालेल्या ताम्रपटात, दान दिलेल्या गावाला मिळणाऱ्या सवलतींमध्ये ‘अलवणक्लिन्नक्रेणिखनक’ असा जोडशब्द येतो. क्लिन्न म्हणजे भिजलेले. पुरालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी त्याचा संबंध ओल्या मिठाशी जोडला, तर त्याच क्षेत्रातील वा. वि. मिराशी यांनी त्यात आंबवलेल्या मद्याच्या खरेदीवरील राजहक्कातून मिळालेली सूट पाहिली. मिराशींचे वाचन अधिक पटते, कारण मीठ आणि मद्य या दोन्हींवर राजसत्तेचा हक्क असल्याचे अर्थशास्त्रातही दिसते. ते स्वीकारले, तर विदर्भातील खेड्यांत आंबवलेल्या पेयाची खरेदी राजाने दखल घेण्याइतकी नित्याची होती, असे मानावे लागते.

हे पेय कशाचे असेल हे ताम्रपट सांगत नाही. चरकसंहितेतील चौऱ्याऐंशी आसवांच्या यादीत मात्र पुष्पासवे दहा आहेत आणि त्यांत मधूक, म्हणजे मोह, आहे. नवे मद्य जड असते, तर मुरलेले हलके, रुचकर आणि अग्निदीपक असते, हा वयावरून पारख करण्याचा निकषही चरकानेच नोंदवला आहे.

गावाच्या नावाला कायद्याचे संरक्षण देणारी व्यवस्था फ्रान्सने 1935 मध्ये उभी केली. महाराष्ट्राने 2001 मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले आणि पुढे ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन मिळाले. शेलूबाजारला ज्या समृद्धी महामार्गावर चढता येते, तोच पश्चिमेकडे त्या द्राक्षमळ्यांच्या जिल्ह्यात जातो.

मोहाला मात्र असे नाव लाभले नाही. इंग्रजी अमदानीत अबकारी मक्त्यांमुळे घरगुती गाळप गुन्हा ठरले, आणि ज्याची ओळख लपवावी लागते त्याच्या चवीची चर्चा उघडपणे होऊ शकत नाही. ही उणीव फुलाची नव्हे. चैत्रात पहाटेच्या अंधारात ही मांसल, फिकट पिवळसर फुले झाडाखाली टपटप पडतात, उन्हात वाळून मनुकांसारखी तपकिरी आणि चिकट होतात, व त्यांचा गोड, काहीसा उग्र वास पोत्यातूनही जाणवतो. झाडागणिक त्या फुलांच्या गोडीत फरक पडतो, हे वेचणाऱ्यांना ठाऊक असते. परंतु बाजारात सारी फुले एकाच ढिगात पडून नुसता ‘मोह’ म्हणून किलोवर विकली जातात आणि ती कोणत्या रानातली, हे कोणी विचारत नाही.