तटाखालचे खडप

पर्यटन व्यवसायाच्या पत्रकांतून 'वन्यजीव आणि वारसा' हा जोडशब्द आता चांगलाच रुळला आहे. दोन दिवस अभयारण्य, एक दिवस किल्ला, परतीच्या वाटेवर एखादे लेणे, असा या सहलींचा साचा. तो कृत्रिम वाटला तरी अगदीच निराधार नाही. रणथंभोरचा किल्ला व्याघ्रप्रकल्पाच्या आतच उभा आहे, बांधवगडचेही तसेच. आणि आपल्याकडे मेळघाटच्या परिसरात नरनाळा व गाविलगड, कोयनेच्या अभयारण्यात वासोटा, चांदोलीत प्रचितगड आहेतच. या सर्व स्थळांत एक क्रम समान दिसतो. राज्य गेले, शिबंदी उठली, वाटा मोडल्या, आणि मग रान तटावर चढले. भग्न बुरुजावर विसावलेला वाघ ही प्रतिमा मनाला भुलवते ती याचमुळे; मानवी वैभवाचा अस्त आणि निसर्गाचे पुनरागमन तिच्यात एका दृष्टिक्षेपात सामावते.

मालवणला हा क्रम उलटा आहे. तेथे निसर्ग किल्ल्याच्या मागून आलेला नाही. तो आधीपासून होता, आणि तो होता म्हणून किल्ला तेथे आला. ही गोष्ट सिंधुदुर्गाविषयीच्या आपल्या लेखनात जवळजवळ कोठेच उमटत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, आणि त्यातला गाभ्याचा भाग सुमारे ३.१८ चौरस किलोमीटर. या गाभ्यात पद्मगडाचे बेट आणि सिंधुदुर्ग किल्ला हे दोन्ही येतात. मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसून जो प्रवासी किल्ल्याच्या दाराशी उतरतो, तो अभयारण्याच्या अगदी अंतर्भागात उभा असतो. वाघाच्या अरण्यात गाभ्याच्या सीमेवर चौकी असते, नोंदवही असते. येथे सीमा पाण्यावर आहे, त्यामुळे ती ओलांडल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. किल्ल्याहून परतल्यावर 'आता अभयारण्य कोठे पाहायचे?' असे एखाद्याने विचारले, तर त्याला हसण्यात अर्थ नाही.

किल्ल्याच्या बांधणीचा वृत्तान्त सुपरिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावरील कामाचा मुहूर्त झाला. मालवणच्या किनाऱ्यावरील ज्या खडकापाशी पूजा झाली, तो 'मोरयाचा धोंडा' म्हणून आजही दाखवतात. त्यावर गणपती आणि चंद्रसूर्य कोरलेले आहेत. काम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली झाले आणि १६६७ साली पुरे झाले. सुमारे ४८ एकरांचे बेट, त्याभोवती तीनेक किलोमीटर नागमोडी तट, पायाच्या चिऱ्यांत ओतलेले शिसे, आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, पुढे राजाराम महाराजांच्या काळात उभे राहिलेले शिवराजेश्वराचे मंदिर : हा तपशील शालेय पुस्तकांतूनही येतो.

आम्हाला थांबायचे आहे ते जागेच्या निवडीपाशी. जंजिऱ्याचा सिद्दी हाती लागत नव्हता, गोव्यात पोर्तुगीज होते, वेंगुर्ल्यात डचांची वखार होती. आरमाराला स्वतःचे ठाणे हवे होते. परंतु कोकणच्या किनाऱ्यावर बेटे काही एकच नव्हती. मग कुरटेच का? याचे उत्तर बेटात नसून बेटाभोवतीच्या पाण्यात आहे. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये मालवणचे वर्णन किल्ल्यापासून सुरू होतच नाही. खडकांच्या रांगांनी जवळजवळ पूर्ण अडवलेला उपसागर, हे त्या वर्णनाचे पहिले वाक्य आहे. बेटे नंतर येतात आणि दुर्ग त्याच्याही नंतर. गॅझेटियरकाराला काव्याशी कर्तव्य नव्हते, बंदर जहाजांना कितपत उपयोगी पडेल हे त्याला सांगायचे होते. आणि नेमक्या त्याच दृष्टीने सतराव्या शतकात ही जागा हेरली गेली होती. पाण्याखाली दडलेल्या खडपांतून आत येण्याची वाट अरुंद आणि वळणावळणाची. उथळ तळाची, स्थानिक तांडेलाच्या हातातली नाव त्यातून सुखरूप येईल. खोल तळाचे परदेशी गलबत आपटेल. किल्ल्याचा मुख्य दरवाजा खुल्या समुद्राकडे नसून मालवण गावाच्या बाजूला आहे आणि दोन बुरुजांच्या कवेत दडवलेला आहे, याची तारीफ सर्वजण करतात. पण दरवाजा ही शेवटची तटबंदी होय. पहिली तटबंदी कोणीही बांधलेली नव्हती. पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट ही जोडठाणीही त्याच खडकाळ पाण्याच्या कडेने बसवलेली दिसतात.

हे कवच अभेद्य होते असे मात्र नाही. १७६५ साली मुंबईकर इंग्रजांनी किल्ला घेतला, त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले, आणि वर्षभरात करवीरकरांना परतही केला. १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. ते नाव आज कोणाच्या स्मरणात नाही, ही त्यातली समाधानाची बाब.

आता त्याच खडपांकडे दुसऱ्या बाजूने पाहू. अभयारण्य घोषित करताना ज्या जीवसृष्टीचा विचार झाला, ती याच पाण्याखालच्या खडकांना धरून राहते. प्रवाळांच्या वसाहती, सरगॅसमसारखी तपकिरी शैवाले, समुद्रफुले, शंखशिंपले, खडकांच्या कपारीतले मासे. बाहेरच्या पाण्यात कुबडे डॉल्फिन, क्वचित देवमाशाएवढी थोराड व्हेल शार्क. किनाऱ्याच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवांची विण. प्रवाळ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे अंगठीतले लाल पोवळे येते. मालवणचे प्रवाळ तसे नाहीत. ते बहुधा तपकिरी, हिरवट, दगडासारखेच दिसणारे, आणि गढूळ पाण्यात तग धरून असलेले. लक्षद्वीपच्या छायाचित्रांवर पोसलेल्या डोळ्यांना ते निराश करतात. तात्पर्य, ज्या खडकाने शत्रूचे गलबत अडवले तोच या जिवांचा आसरा आहे. सिंधुदुर्ग आणि सागरी अभयारण्य ही शेजारी वसलेली दोन स्थळे नव्हेत. पाण्याच्या पातळीने दुभागलेले ते एकच स्थळ आहे.

मग आपल्या लेखनात ते दोन का झाले? आमच्या मते याचे एक कारण वाङ्मयप्रकारातच आहे. मराठी दुर्गसाहित्य, गो. नी. दांडेकरांसारख्यांच्या हातून जे घडले ते, पायांनी घडवलेले साहित्य आहे. घाटवाट, चढण, माथा, तेथून दिसणारा मुलूख, असा त्याचा आकृतिबंध. जलदुर्गाला चढण नाही. तो होडीतून दहा-पंधरा मिनिटांत गाठता येतो; लेखक उतरतो आणि सह्याद्रीवर लागलेल्या सवयीने तट, बुरूज, दरवाजे मोजू लागतो. दुसऱ्या बाजूला मराठीतले निसर्गलेखन मुख्यतः अरण्याचे आहे. मारुती चितमपल्लींनी रानाला मराठीत शब्द मिळवून दिले. आदिवासी बोलींतून, जुन्या कोशांतून वेचून आणले. समुद्राच्या तळाला असा शब्दसंग्राहक अद्याप लाभलेला नाही. शब्द नाहीत असे नव्हे. खडप, पुळण, उधाण, भांग, वाव हे शब्द गाबीत आणि इतर दर्यावर्दी समाजांच्या तोंडी नित्याचे आहेत. ग्रंथात मात्र त्यांची वस्ती विरळ आहे.

याच ठिकाणी 'आज्ञापत्रा'चा उल्लेख अपरिहार्य होतो. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी करवीरच्या संभाजीराजांसाठी सिद्ध केलेला हा ग्रंथ. त्यातील आरमाराच्या प्रकरणात जहाजांसाठी लाकूड कसे मिळवावे याची चर्चा आहे : सागवानादी वृक्ष परवानगीने तोडावे, कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावे, आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. हा उतारा हल्ली 'शिवाजी महाराजांचे पत्र' म्हणून सर्वत्र फिरतो. तो पत्र नव्हे, आणि महाराजांच्या हयातीतलाही नव्हे; त्यात त्यांच्या राजनीतीचे सार उतरले आहे एवढेच म्हणता येईल. पण त्याहून मोठी गल्लत वाचनाची आहे. उतारा पर्यावरणप्रेमाचा दाखला म्हणून वाचला जातो. वस्तुतः तो आरमाराच्या गरजेतून निघालेला आहे, आणि त्याच्या केंद्रस्थानी झाड नसून झाडाचा धनी आहे. त्याचे मन दुखावून केलेला लाभ टिकत नाही, असा अमात्यांचा युक्तिवाद. नैसर्गिक साधन राज्याला हवे, मात्र ज्याने ते जोपासले त्याच्या राजीखुशीने, ही ती भूमिका.

मालवणला १९८७ नंतर जो तंटा उभा राहिला, त्याला हीच कसोटी लावून पाहता येते. अभयारण्याने मासेमारीवर गदा येईल, या भीतीने मच्छीमारांनी त्याला दीर्घकाळ विरोध केला. त्या विरोधाला 'निसर्गाविषयीची अनास्था' म्हणणे सोपे होते, आणि ते म्हटलेही गेले. परंतु किनाऱ्यावरून सामुदायिकपणे ओढली जाणारी रापण हे याच माणसांचे जाळे. आणि खोल पाण्यातील पर्ससीन जाळ्यांविरुद्ध वर्षानुवर्षे भांडले ते हेच लोक. २०१६ साली राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले, त्यामागे या भांडणाचा रेटा होता. खडपांतली वाट ज्यांना ठाऊक होती त्यांच्यावाचून सतराव्या शतकात हे ठाणे चालले नसते. विसाव्या शतकातला नकाशा मात्र कचेरीत आखला गेला.

दरम्यान तिसराच पक्ष पुढे आला आहे. गेल्या दोन दशकांत स्नॉर्केलिंग आणि स्कूबा यांनी मालवण-तारकर्लीचे अर्थकारण पालटले. सकाळी किल्ला, मग डॉल्फिन, दुपारी 'समुद्राखालची दुनिया' : प्रारंभी उल्लेखलेला साचा येथेही पोहोचला. कालचे अनेक मच्छीमार आज पर्यटकांच्या होड्या हाकतात. प्रवाळांवर पडणारे नांगर, त्यांवर उभे राहणारे पाय, खाद्य टाकून जमवलेले मासे यांमुळे होणारी हानी अभ्यासकांनी नोंदवली आहे; गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी येथील प्रवाळांच्या विरंजनाकडेही लक्ष वेधले आहे. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे, संरक्षण आहे. वाघाच्या पाठीवर उभे राहून छायाचित्र काढण्याची मुभा कोणी मागत नाही, इतकेच.

जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यात सिंधुदुर्ग आहे. 'किल्ले' न म्हणता 'भूप्रदेश' म्हटले आहे, हे आम्हाला विशेष वाटते. डोंगर, पठार, बेट यांचा लष्करी उपयोग कसा केला गेला, हे त्या नावात अभिप्रेत आहे. त्या न्यायाने सिंधुदुर्गापुरते तरी खडप हे वारशाचेच अंग ठरते, आणि तटाचा चिरा निखळू नये म्हणून जी काळजी घेतली जाईल ती पाण्याखालीही उतरायला हवी. प्रत्यक्षात तट पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत, खडप वन खात्याच्या, आणि होड्या बंदर खात्याच्या.

ओहोटीला पद्मगडापर्यंत वाळूची पट्टी उघडी पडते. १८८० च्या गॅझेटियरमध्येही तिची नोंद आहे. तेथवर चालत जाता येते. कोकणच्या किनाऱ्यावर अशा वेळी बायका कोयती आणि टोपली घेऊन खडपांवर कालवे फोडायला उतरतात. पद्मगडाच्या खडपावर उतरणारी बाई अभयारण्याच्या गाभ्यात असते, आणि सिंधुदुर्गाच्या पहिल्या तटबंदीवरही.