देवडीवरचा पहारेकरी

आंतरजालाचा इतिहास आपण बहुधा वेगाचा इतिहास म्हणून वाचतो. दारांचा इतिहास म्हणून क्वचितच. घरच्या राउटरमध्ये ‘पोर्ट उघडण्या’ची वरवर रूक्ष वाटणारी खटपट हे त्या दुसऱ्या इतिहासातले एक बोलके प्रकरण आहे.

१९८१ मध्ये पत्त्यांची रचना ठरली तेव्हा जालावरील कोणताही संगणक दुसऱ्या कोणत्याही संगणकाला थेट हाक मारू शकेल, हे त्यात गृहीत होते. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. दशकभरातच ते अपुरे पडणार हे दिसू लागले. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी तोडगा मांडला: आतले पत्ते आतच ठेवावेत आणि वेशीवर त्यांची बाहेरच्या पत्त्यांशी अदलाबदल करावी. हा उपाय अल्पकाळापुरता आहे, असे त्यांनीच म्हटले होते. पुढे तो घरोघर पोचला तेव्हा साऱ्या घराला मिळून बाहेर एकच पत्ता उरला.

जुन्या वाड्याची देवडी आठवावी. आतून निघालेल्या प्रत्येक निरोपाची पहारेकरी नोंद करतो, त्यामुळे आलेले उत्तर नेमक्या खोलीत पोचते. परंतु आपणहून आलेल्या पाहुण्याची नोंद वहीत नसते. तो परत फिरतो.

ही अडचण वाचणाऱ्याला जाणवत नाही, देणाऱ्याला जाणवते. नॅप्स्टर (१९९९), ग्नुटेला (२०००) आणि बिटटोरेंट (२००१) यांनी घरच्या संगणकाला घेणाऱ्याबरोबर देणाराही केले, आणि बंद देवडी प्रथमच हजारोंना खुपू लागली. दोघांपैकी एकाचे दार उघडे असेल तर बंद दारामागचा स्वतः बाहेर हाक मारू शकतो. दोन्ही दारे बंद असली की थेट भेट सहजी घडत नाही. म्हणून लोक १९२.१६८.१.१ सारख्या पत्त्यावर राउटरचे पान उघडू लागले. आपल्या संगणकाचा आतला पत्ता कायम करायचा आणि पहारेकऱ्याला एका ओळीची आज्ञा लिहून द्यायची: ‘६८८१ क्रमांक विचारत जो येईल, त्याला या खोलीत पाठव.’

या देवघेवीत स्वामित्वहक्काचा भंग मोठ्या प्रमाणावर होता, हे नाकारण्याचे कारण नाही. नॅप्स्टर २००१ मध्ये न्यायालयीन लढाईतच बंद पडले. परंतु काय द्यावे हा एक प्रश्न आहे आणि देण्याची क्षमता कोणाच्या हाती असावी हा दुसरा. पहिल्याच्या गदारोळात दुसरा विचारायचा राहून गेला.

३ फेब्रुवारी २०११ रोजी पत्त्यांचा मध्यवर्ती साठा संपला. अनेक सेवादात्यांनी मग कितीतरी घरांच्या पुढे आणखी एक सामाईक देवडी उभारली. तिथल्या पहारेकऱ्याला आज्ञा देण्याचा अधिकार घरमालकाला नाही. स्वतःच्या राउटरमध्ये लिहिलेली ओळ तिथे निरुपयोगी ठरते. १२८ बिटांच्या नव्या पत्त्यांची रचना १९९८ मध्येच सिद्ध झाली होती. तीत पत्त्यांची टंचाई नाही. पण तिथेही घरचा राउटर अनोळखी पाहुण्याला सहसा आपणहून आत घेत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यही आहे.

आज प्रत्येकाला लिहिता येते असे आपण म्हणतो. पण ते लेखन बहुधा दुसऱ्याच्या मालकीच्या सर्व्हरवर राहते, आणि तिथले दार लावण्याचा अधिकार त्या मालकाकडे असतो. याला बाजारपेठेसह अनेक कारणे आहेत. तरीही टंचाईत काढलेली एक तात्पुरती पळवाट वाचक आणि प्रकाशक यांच्यातली भिंत पक्की करून गेली, याची नोंद वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तरी ठेवायला हवी.